ऑफशोर कंपनीचं खातं: बडोदा ते दुबई, आणि बँक कशी निवडायची

भाऊजींचा मकरपुरा जीआयडीसीत व्हॉल्व्हचा धंदा, आणि चीनमधून माल परस्पर केनियाला पाठवायचं काम निघालं म्हणून त्यांनी रास अल खैमात (यूएईतलीच दुसरी अमिरात) ऑफशोर कंपनी, म्हणजे तिथे नोंदलेली पण धंदा बाहेर करणारी कंपनी, काढली, मग खातं उघडायला आम्ही दोघं दुबईला जाऊन आलो. विमान अहमदाबादहून, पहाटेचा एक्सप्रेसवे मोकळा असतो. तिकडे शुक्रवारी सरकारी कामकाज अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार सुट्टी, त्यामुळे सोमवार धरूनच तिकीट काढा.

सगळे विचारतात बेस्ट बँक कुठली. अहो, आधी हे बघा की पैसे कुठल्या देशातून आणि कुठल्या करन्सीत येणार! डॉलरचं पेमेंट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या करस्पाँडंट बँकेतून, म्हणजे तुमच्या बँकेसाठी तिथे डॉलरचा व्यवहार करणाऱ्या बँकेतून, फिरून येतं, तिथे अडलं की अडलं. एका चकाचक बँकेत मिनिमम बॅलन्स, कार्ड, अ‍ॅप सगळं गोड बोलून झालं, पण डॉलरसाठी तुमची करस्पाँडंट बँक कोण आणि केनियाचं पेमेंट चालतं का विचारल्यावर साहेब फोनवर गेले ते गेलेच, नंतर कारण न देता नकार. दुसरीकडे बाईंनी नुसती उलटतपासणी घेतली, माल कोणाचा, गिऱ्हाईक कोण, भारतातली कंपनी असताना ही कशाला. भाऊजी वैतागले, "मी काय चोर आहे का?" मला मात्र हीच बँक पटली, आत्ता विचारतायत म्हणजे उद्या मधेच खातं गोठवायची शक्यता कमी. यूएई मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२४ एफएटीएफच्या (मनी लाँडरिंगवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे जादा देखरेखीच्या यादीत होतं, तेव्हा कडकपणा मनाला लावून घेऊ नका.

इन्कॉर्पोरेशन, मेमोरँडम, इन्कम्बन्सी सर्टिफिकेट (सध्याचे डायरेक्टर-भागधारक कोण त्याचा दाखला), खरा मालक कोण त्याचे कागद, स्वतःची बँक स्टेटमेंटं हे तर लागतंच, पण खरं काम झालं ते सप्लायरचं काँट्रॅक्ट आणि गिऱ्हाइकाच्या पर्चेस ऑर्डरमुळे. ऑफशोर कंपनीवर रेसिडेन्स व्हिसा मिळत नाही आणि एमिरेट्स आयडीशिवाय (तिथल्या रहिवाशांचं ओळखपत्र) काही बँका दारातच उभं करत नाहीत, म्हणून हे तिकिटाआधी ईमेलवर विचारून घ्या, जमलं तर कंपनी काढायच्याही आधी. डॉलरचं वेगळं खातं मागा. दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, पण बँक कन्व्हर्जनमध्ये कापतेच.

इकडचं पण सांभाळा बरं का. स्वतःच्या नावाने भांडवल पाठवायचं तर एलआरएसची (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर, आपल्या बँकेतून फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म), पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (त्या कंपनीचा वार्षिक अहवाल), आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता). नुसती सहीची पॉवर असली तरी ते खातं दाखवायचं, नाहीतर १० लाखांचा दंड बसू शकतो. सीए असा गाठा ज्यानं हे आधी केलंय.

आणि दुबईला धावण्याआधी गिफ्ट सिटीत चक्कर मारा, गांधीनगरजवळ, सकाळी निघून संध्याकाळी घरी. तिथल्या आयएफएससीत (आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र) बँकांची युनिटं आहेत, त्यांच्यात परदेशी कंपन्यांची डॉलर खाती उघडतात, आपल्या सयाजीरावांनी १९०८ मध्ये काढलेल्या बँक ऑफ बडोदाचंही युनिट आहे. तुमच्या कंपनीला चालेल का ते समोर बसून विचारा. कुठेही उघडा, अर्ज दिल्यावर आठवडे जातात, खातं चालू होईपर्यंत गिऱ्हाइकाला पेमेंटची तारीख देऊ नका.