आमची वाटचाल : 'डेस्कटॉपवाले' म्हणून आम्हाला हिणवलं त्याची हकीकत

दुकान इचलकरंजीत, स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत. बोर्डावर अजूनही 'कॉम्प्युटर सेल्स अँड सर्व्हिस' एवढंच आहे, पण मार्केटमध्ये आम्हाला सर्व्हरवाले म्हणतात. मधे काही काळ 'डेस्कटॉपवाले' म्हणायचे, आणि ते नाव कुणी पाडलं ते सगळ्या कापड मार्केटला माहितीय, मी कशाला सांगू.

सुरुवात २००४ ला, पेंटियम फोरच्या जमान्यात. मी आणि पार्टनर. पार्टनरने सांगितलंय माझं नाव लिहायचं नाही म्हणून लिहीत नाही, पण हात काय होता त्याचा! आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्या काळात ८४५, ८६५ चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) मदरबोर्ड यायचे फुगलेल्या कॅपॅसिटरचे, लोक बोर्ड फेकून द्यायचे आणि हा सोल्डरॉनच्या पंचवीस वॉटच्या इस्त्रीवर सगळे कॅपॅसिटर बदलून बोर्ड परत चालू करायचा. ती सोल्डरिंगची इस्त्री अजून ड्रॉवरमध्ये आहे, तिच्याशेजारी पीसीआयचं पोस्ट कार्ड, म्हणजे बिघाड तपासायचं कार्ड, ज्यावर दोन आकडे उमटले की कळायचं रॅम गेलीय का बोर्ड. आता पोरं यूट्यूब बघून पार्ट बदलत बसतात. आणि तिसरं हत्यार म्हणजे ब्लोअर. बाहेरगावच्या माणसाला कळायचं नाही, इथं मागावरून उडणारा कापूस सगळीकडे जातो, फॅन काढला की खाली हीटसिंकच्या पट्ट्यांत कापसाचा जाड थर, वर सायझिंगची खळ बसलेली. "मशीन स्लो झालंय" म्हणून आलेल्या निम्म्या कंप्लेंट आम्ही ब्लोअर मारून आणि थर्मल पेस्ट बदलून मिटवल्यात, चार्ज पन्नास रुपये. प्रोसेसर गरम झाला की स्वतःचा स्पीड स्वतः कमी करतो हे गिऱ्हाइकाला सांगितलं तर त्याला वाटायचं आम्ही गंडवतोय.

२००८ पासून सात-आठ वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक मात्र सांगतो कारण ते आमचं होतं. २०११ ला इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर झिऑन ई३-१२३० आला. चार कोअर म्हणजे आत काम करणारे चार हात, प्रत्येकाचे दोन असे आठ थ्रेड, ३.२ गिगाहर्ट्झ, सॉकेट तोच ११५५ ज्यात डेस्कटॉपचा आय७-२६०० बसायचा, आणि किंमत आय७ पेक्षा कमी. आतला मालही जवळपास तोच, फक्त ग्राफिक्स बंद. आम्ही साध्या एच६१, बी७५ बोर्डावर तो बसवायला लागलो, वर एक छोटं ग्राफिक्स कार्ड, आणि टेक्स्टाइल डिझाइनवाल्यांना दिले. गावात झिऑन हा शब्द आम्ही आणला हे मी छाती ठोकून सांगतो. पण तेव्हासुद्धा प्रत्येकाला तोंडावर सांगायचो की बाबा हा सर्व्हरचा प्रोसेसर आहे म्हणून तुझं मशीन सर्व्हर झालं नाही, या बोर्डावर ईसीसी रॅम (स्वतःची चूक ओळखून दुरुस्त करणारी) ईसीसी म्हणून चालत नाही, त्याला सी२०० सिरीजचा चिपसेट लागतो. पुढे २०१५ ला ई३ चा व्ही५, म्हणजे पाचवी आवृत्ती, आला तेव्हापासून ई३ ला सी२३२ नाहीतर सी२३६ चा बोर्ड घेणं भागच पडलं आणि तो प्रकार संपला.

आता आबा. आबा म्हणजे सुताचे व्यापारी, आमचे पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्या पेढीवर सात जण टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर, आणि महिनाअखेरीला येणं-देणं काढायचं म्हणजे सगळे चहाला बाहेर, इतका वेळ रिपोर्ट फिरायचा. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी बोलावलं. जुलैपासून जीएसटी लागणार होता, एंट्र्या वाढणार होत्या. मी तीन दिवस त्यांच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडून बसलो होतो, उगाच कोटेशन देत नाही आम्ही. बघितलं काय, तर रिपोर्ट चालू असताना एकच कोअर शंभर टक्क्याला भिडलाय आणि बाकीचे झोपलेत. डिस्क जुनी फिरणारी. म्हणजे दवा साधी आहे, एसएसडी टाका आणि ज्याचा एक कोअर सगळ्यात जोरात पळतो तो प्रोसेसर घ्या. मी आय७-७७०० लिहून दिला, चार कोअर, गरज पडली की ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत टर्बो, ६५ वॉट. तेव्हा पंचवीस हजाराच्या आसपास होता नुसता प्रोसेसर. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, आणि यूपीएस नवीन.

तर त्याच आठवड्यात 'ते' आले. नाव नाही घेत. मोठ्या शहरातून आलेले, कोल्हापुरात काचेचं ऑफिस टाकलेलं, टाय घातलेली दोन पोरं. त्यांनी काय आणलं होतं, तर डेटा सेंटरमधून निघालेले जुने सर्व्हर. दोन झिऑन ई५-२६७०, एकेक आठ कोअरचा, २०१२ चा माल, ६४ जीबी डीडीआर३. पेढीवर ठेवला, चालू केला, टास्क मॅनेजर उघडला आणि स्क्रीनवर थ्रेडमागे एक असे बत्तीस चौकोन. झालं! सगळं मार्केट बघायला. "आमचे बत्तीस, त्यांचे आठ. तुम्हाला डेस्कटॉप विकत होते ते लोक." किंमतही आमच्या कोटेशनपेक्षा थोडी कमीच. वाईट कशाचं वाटलं सांगू, मशीन खोटं नव्हतं. चांगलंच मशीन होतं ते, ज्या कामाला बनवलं होतं त्या कामाला. पण एक कोअर फार तर ३.३ पर्यंत जातो आणि त्यात पाच वर्षं जुनी बनावट, आणि टॅलीचा एक रिपोर्ट एकाच कोअरवर चालतो, तिथं उरलेले एकतीस चौकोन काय करणार?

मी आबांना एवढंच म्हणालो की आबा, काम एका कोअरवर अडलंय. आबा दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "म्हणजे बत्तीस माग आणि बीम एकच?" बीम म्हणजे मागाला सूत पुरवणारा रूळ. मी म्हटलं हेच. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आमच्याकडे इंटर्नशिपला येतात, त्यांना तासभर समजावून जे कळत नाही ते सातवी शिकलेल्या माणसाने एका वाक्यात सांगितलं. त्यांनी आमचं मशीन घेतलं. बाकी गल्लीने ते बत्तीसवालं घेतलं.

आणि मग सुरू झालं. नोटबंदीने मार्केट आधीच आडवं होतं, यंत्रमागवाल्यांकडे आमचे पैसे अडकलेले, त्यात हे. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं आमची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, होती त्यांनी एकेक करून बंद केली, "तुम्ही डेस्कटॉपवाले, आम्ही आता सर्व्हर घेतलाय." एका पतसंस्थेचं काम मिळायचं पक्कं होतं, ते गेलं. डिस्ट्रिब्युटरने उधारी थांबवली. एका मोठ्या पार्टीचा चेक परत आला आणि त्यामुळे आमचा पुढचा परत आला. दुकानाचं भाडं तुंबलं, सोनेतारण करून झालं. आणि २०१८ च्या गणपतीनंतर पार्टनर म्हणाला मी पुण्याला जातो, नोकरी आहे. मी अडवलं नाही. काय तोंडाने अडवणार? जाताना त्याने इस्त्री नेली नाही, म्हणाला तिकडे सोल्डर करायला कोण देतंय, पार्ट काढायचा नवा लावायचा. त्या वर्षी मी सकाळी शटर उघडायचो ते फक्त प्रिंटरची काट्रिज भरायला, हे लिहायला लाज नाही.

वळण कसं आलं तर आबांमुळे. त्यांच्या शेजारच्या पेढीवर तेच बत्तीसवालं, आणि महिनाअखेरीला आबांची माणसं सहाला घरी, शेजारची नऊपर्यंत. लोक म्हणाले आबांचा डेटा कमी असेल. आबा हट्टी माणूस. त्यांनी शेजाऱ्याला त्याच्या मशीनसकट आपल्या पेढीवर बोलावलं, तोच डेटा दोन्हीकडे टाकला, मी स्वतः दोन्हीत सारखी एसएसडी लावली म्हणजे नंतर कुणी डिस्कवर ढकलू नये, आणि येणं-देणं काढायला लावलं. तिकडे मिनिटभर लागला तो रिपोर्ट इकडे चाळीस सेकंदांच्या आत. शिवाय त्या सर्व्हरचे छोटे पंखे असे ओरडत होते की फोनवर बोलता येईना, आणि दोन प्रोसेसर मिळून कागदावरच २३० वॉट, त्यांचा सहाशे व्हीएचा यूपीएस लाइट गेली की शिट्टी मारून बंद. शेजाऱ्याने त्याच दिवशी ऑर्डर दिली. मात्र जे लोक आम्हाला डेस्कटॉपवाले म्हणत होते त्यातल्या एकानेही नंतर येऊन "तुमचं खरं होतं" असं म्हटलं नाही. एएमसी परत चालू केली, तीही जुन्याच रेटने.

पण याचा अर्थ डेस्कटॉपच घ्या असा नाही बरं का, हे आमच्या नावावर खपवू नका. त्या पतसंस्थेची गोष्ट उलटी. तिथं मी २०१७ लाच झिऑन ई३-१२३० व्ही६, सी२३६ चा बोर्ड आणि ईसीसी रॅम सांगितली होती, कारण मशीन दिवसरात्र चालू, डेटाबेस सतत मेमरीत, आणि लोकांच्या ठेवी आहेत हो त्या. स्पीडला तो आय७ पेक्षा थोडा कमीच, ग्राफिक्स नाही, दिसायला काही नाही. त्याच काचेच्या ऑफिसवाल्यांनी तिथं काय दिलं माहितीय? साधा आय७ आणि साधी रॅम! जिथं सर्व्हर नको तिथं सर्व्हर, जिथं पाहिजे तिथं डेस्कटॉप. दोन-अडीच वर्षांनी डेटाबेस करप्ट झाला. सगळे म्हणाले व्हायरस. मला बोलावलं तेव्हा मी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावून रात्रभर ठेवला, सकाळी स्क्रीन लाल. एक स्टिक खराब. ईसीसी असती तर एक बिट चुकली की तिथल्या तिथे दुरुस्त झाली असती आणि विंडोजच्या लॉगमध्ये नोंद पडली असती, दोन बिट चुकल्या तर निदान मशीन ओरडलं असतं. साध्या रॅममध्ये चुकीचा आकडा गुपचूप डिस्कवर जातो. गंमत म्हणजे त्याच पिढीचा आय३-७१०० ईसीसी घ्यायचा आणि आय७ नाही, हे मी कमिटीला सांगितलं तर चेअरमन साहेबांना वाटलं मी चेष्टा करतोय.

म्हणून आमच्याकडे आलात की आधी विचारतो किती माणसं, आणि कशी. आपापल्या पीसीवरून नुसता डेटा फोल्डर उघडणार असाल तर प्रोसेसरचा नाद सोडा, एसएसडी आणि स्विच बघा, आणि साध्या विंडोजवर फोल्डर शेअरिंग वीस कनेक्शनपर्यंतच चालतं हे लक्षात ठेवा. पंचवीस-तीस जण रिमोट डेस्कटॉपने एकाच मशीनवर बसणार असतील तर मात्र खरोखर कोअर लागतात, कारण प्रत्येकाची टॅली वेगळी चालते, तिथं मी स्वतः मोठा झिऑन नाहीतर एएमडीचा सर्व्हर प्रोसेसर एपिक लिहून देतो आणि आय७ वाल्याला हाकलतो. व्हर्च्युअल मशीन (एका मशीनच्या आत अनेक) करायचीत, चार-सहा एनव्हीएमई एसएसडी आणि दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड लावायचंय, तरी तेच, डेस्कटॉप प्रोसेसरला पीसीआय लेन, म्हणजे कार्ड-डिस्क जोडायच्या वाटा, मोजक्या असतात, ई५ ला एकेकट्याला चाळीस होत्या. आणि कोअर वाढवताना लायसन्सचा हिशोब कोण करतं? विंडोज सर्व्हर २०१६ पासून कोअरवर मोजतात, कमीत कमी सोळा कोअरचं घ्यावंच लागतं, एसक्यूएल सर्व्हर कोअरवर घेतला तर विचारूच नका. स्वस्तात जुने कोअर घ्यायचे आणि लायसन्सला त्याच्या कितीतरी पट घालवायचे, असं केलेली एक पार्टी मला माहितीय.

अजून एक. जुन्या सर्व्हरची स्वस्त रजिस्टर्ड रॅम ऑनलाइन दिसते ती डेस्कटॉप बोर्डाला घेऊ नका, ई३ लासुद्धा नाही, चालतच नाही ती, अनबफर्ड ईसीसी वेगळी. महिन्याला कुणीतरी अशी स्टिक घेऊन येतो आणि आम्हालाच विचारतो का चालत नाही. आणि आधी अर्थिंग बघून घ्या, मल्टीमीटर लावून, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर पहिला वायरमन बोलवा आणि मग मला.

पार्टनर आता पुण्यात डेटा सेंटरला आहे, एपिकच्या रॅक सांभाळतो, घरबसल्या मशीन चालू-बंद करतो, आणि अधूनमधून फोन करून विचारतो इस्त्री चालू आहे ना. आम्ही त्या पतसंस्थेला शेवटी डब्ल्यू६८० चा बोर्ड, बाराव्या पिढीचा आय५ आणि ईसीसी डीडीआर५ दिली. या चिपसेटवर काही आय५ लाही ईसीसी चालते, म्हणजे डेस्कटॉप का सर्व्हर हे भांडण निम्मं मिटलंच म्हणा. निम्मं का, तर ते काचेच्या ऑफिसवाले आता सगळ्यांना सांगत फिरतायत की डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असते, वेगळी घ्यायची गरज नाही. आतली असते ती चिपच्या आतली चूक सांभाळते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत जे बिघडतं त्याच्याशी तिचा संबंध नाही. ओळखायचं सोपं आहे, सोळा जीबीच्या साध्या स्टिकवर काळ्या मोठ्या चिप आठ दिसतात, ईसीसी असेल तर आठापेक्षा जास्त. त्यांच्या शोकेसमध्ये 'सर्व्हर मेमरी' म्हणून जी ठेवलीय ती मी मागच्या महिन्यात गिऱ्हाईक म्हणून जाऊन मोजून आलो. आठ आहेत.