प्लेटिंगच्या शेडमागचं गवत

मागच्या आठवड्यात मामाकडं मिरजेला गेले होते, दुपारी मामी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन आली, इतका हिरवागार की मी विचारलंच, एवढ्या उन्हात कुठलं गं हे? तर म्हणाली, "ती बंद पडल्याली प्लेटिंगची शेड हाय न्हवं, तिच्यामागं नाल्याकडंला, तिथलं कोण कापत न्हाई." प्लेटिंग म्हणजे लोखंडावर जस्त, क्रोमियम अशा धातूंचा मुलामा चढवायचं काम, त्याचं विषारी सांडपाणी जिरलेल्या जागेवरचं हे गवत, पोटात गोळाच आला माझ्या. मी नको म्हणाले तर म्हणते, "म्हस तोंड लावती म्हंजी चांगलंच असणार की."

म्हणून हे लिहितेय, कारण असंच समजणारे खूप जण आहेत आणि गवत हिरवं म्हणजे जमीन चांगली असं अजिबात नसतं. वेल्समध्ये शिशाच्या जुन्या खाणीवर उगवणारं ॲग्रॉस्टिस नावाचं गवत ब्रॅडशॉ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तपासलं, १९५२ ची गोष्ट, साध्या कुरणातलं तेच गवत त्या मातीत टिकेना आणि खाणीवरचं मात्र मजेत मुळं सोडत होतं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या विष सोसणारीच रोपं तिथं मागं राहिली होती.

आता धातू धातूत फरक आहे. शिसं बहुतेक मुळातच अडकतं, वर फार चढत नाही. कॅडमियम जास्त वाईट, ते जस्त, लोह, मँगनीज आत घ्यायच्या वाटेनंच मुळात घुसतं आणि पानापर्यंत पोचतं. त्यात गवतवर्गाची एक सवय, लोह कमी पडलं की मुळातून एक द्रव्य सोडतात, लोह मोकळं करायला, त्यानं जस्त आणि तांबंही मातीतून सुटतं. आपली काळी रानं चुनखडीची, अल्कधर्मी, त्यामुळं बरेचसे धातू मातीच धरून ठेवते, हे आपलं नशीब. पण प्लेटिंगवाल्यानं वर्षानुवर्षं ॲसिडचं पाणी जिथं सोडलं तिथं ते नशीब चालत नाही, माती आंबट झाली की धातू सुटे होतात. शिवाय बुडख्याला चिकटलेला चिखल असतोच, तो धुऊन थोडा जाईल पण पानाच्या आतलं कसं धुणार?

मामीला दुधाची काळजी होती. खरं तर दुधात कॅडमियम फार कमी उतरतं. अंगात राहतं ते मूत्रपिंडात आणि यकृतात साठतं, आणि खाल्लेल्यातलं बरंचसं शेणातून बाहेर पडतं, ते शेण जातं उकिरड्यावर, उकिरड्यावरून हळदीच्या रानात. हे सांगितल्यावर मात्र मामा उठून बसला.

म्हणाला, माती परीक्षण केलंय की, कार्ड आहे घरात. पण मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी असतात, नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, तांबं वगैरे, त्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम नसतंच, ते वेगळं सांगून, पैसे भरून तपासून घ्यावं लागतं. हे लोकांना कुणीतरी नीट सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं.

त्या जागेवर वाळा लावता येईल, त्याची मुळं ३-४ मीटर खोल जातात आणि बरेच धातू मुळातच धरून ठेवतात, नाल्याचा काठही धरतो. फक्त तो कापून जनावराला घालायचा नाही.

त्या दिवशीचा भारा आम्ही परत शेडमागं नेऊन टाकला. मातीचा आणि उकिरड्यातल्या खताचा नमुना पिशव्यांत भरून ठेवलाय, रिपोर्ट येईपर्यंत मामानं हळदीला ते खत घालायचं थांबवलंय.