आंब्याच्या फळ्या : अडलेल्या आकड्याचा उलगडा

परसात थप्पी रचून वाळत ठेवलेल्या आंब्याच्या लाकडी फळ्यांवर आर्द्रतामापकाचा आकडा २१ टक्क्यांवर अडून बसल्याचे मागील नोंदीत लिहिले होते. त्याचे कारण अखेर सापडले असून, दोष फळ्यांचाही नाही आणि थप्पीच्या रचनेचाही नाही.

संशय आला तो वजनावरून. नमुन्याच्या फळीचे वजन उतरणे थांबले होते, तरी मापक मात्र लाकूड ओलेच असल्याचे सांगत होता. हवा कायम कुंद असती, तर लाकडाचा हवेशी समतोल तेवढ्यावरच झाला, असे मानताही आले असते. पण थप्पीला वारा चांगला लागतो. म्हणून फळीच्या टोकापासून बऱ्याच आतला तुकडा कापला (टोके आधी वाळत असल्याने तिथला तुकडा फसवतो), त्याचे वजन ४१२ ग्रॅम भरले आणि ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत वाळवल्यावर ते ३६४ ग्रॅमवर आले. गेलेल्या ४८ ग्रॅमना कोरड्या वजनाने भागले की आर्द्रता सुमारे १३ टक्के येते.

मग हे आठ टक्के आले कुठून? सुयांचा मापक पाणी मोजत नाही. तो लाकडाचा विद्युतरोध मोजतो आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतो. लाकूड पोखरणारे भुंगेरे लागू नयेत म्हणून ओल्या फळ्यांना बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण लावले होते. ते क्षार ओलाव्याबरोबर आत मुरले, त्यांनी रोध कमी केला आणि मापकाने त्यालाच पाणी समजून घेतले. त्याच खोडाचा, त्याच थप्पीत ठेवलेला, औषध न लावलेला तुकडा मापकावर १४ दाखवतो, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. मापक स्वस्तातला असला तरी त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. महागड्या मापकानेही इथे हेच केले असते.

औषधाला मात्र मी सोडणार नाही. आंब्याच्या लाकडातल्या पिष्टावर भुंगेरे तुटून पडतात, आणि औषधाविना राहिलेल्या फांद्यांच्या तुकड्यांखाली टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांतून मैद्यासारखी भुकटी साचलेली आहे, तर फळ्यांखालची जमीन स्वच्छ आहे.

आनंदाची बाब म्हणजे रंधा मारताच एका फळीवर बुरशीने रेखलेल्या काळ्या, नागमोडी रेषा उमटल्या आणि लाकूड अजून टणकच लागले. आंब्याच्या लाकडाचे तंतू उलटसुलट असल्याने रंधा जागोजाग ओरबाडतो. तिथे धारदार पत्र्याच्या खरवडणीला पर्याय नाही.

बैठ्या मेजाचा माथा एकाच रुंद फळीचा करायचा बेत होता. पण तिच्या मधोमध गाभ्याची नळी आहे, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेने लाकूड अरीय (गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या) दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसत असल्याने ती तिथेच फाटणार, हे स्पष्ट दिसते आहे. तेव्हा गाभा चिरून काढून दोन्ही बाजू पुन्हा जोडाव्यात, असे ठरवले होते. मात्र हे लिहिता लिहिता सुचते आहे की, त्या काळ्या रेषांची फळी मधे घातली, तर सांधा लपवण्याऐवजी मिरवताच येईल. त्याआधी सगळ्या फळ्या घरात आणून, वजन पुन्हा स्थिर होईपर्यंत, मापक बाजूला ठेवून काट्यावरच तोलायच्या आहेत.