इंदूरचं ऊन की कोकणातला घाम

गेल्या काही उन्हाळ्यांपासून इंदूरमधल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात एकच विषय चालू असतो, रिटायर झालो की कोकणात जाऊ. लोकमान्य नगरात तेच, सुदामा नगरात तेच, आणि आमच्या घरी तर जरा जास्तच. ह्यांनी रत्नागिरी, गुहागर, दापोली अशा सगळीकडच्या 'सेकंड होम'च्या जाहिराती मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवल्यात, आणि इकडे पारा त्रेचाळीसच्या पुढे सरकला की लगेच मला रत्नागिरीचं टेंपरेचर दाखवायला येतात, "हे बघ, तेहतीस! दहा डिग्रीचा फरक आहे!" आता आकडा खरा आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नुसत्या त्या एका आकड्यावर इथलं घर विकायला निघायचं म्हणजे जरा अतीच होतंय.

कोकणाच्या बाजूने जे खरं आहे ते आधी सांगून टाकते, नाहीतर म्हणाल बाई इंदूरची म्हणून बोलतेय. समुद्राचं पाणी जमिनीपेक्षा फार सावकाश तापतं, त्यामुळे दुपारी जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत शिरते, तो वारा सुटला की पारा तिथेच अडतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरची गावं बहुतेक दिवस तेहतीस-चौतीसच्या आसपास असतात. आपल्याकडे दुपारी दोन वाजता स्कूटरवरून जाताना तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखी जी लू येते ती तिकडे येत नाही. ज्यांना इथल्या कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं, ओठ-टाचा फुटतात, त्यांना तिकडे बरं वाटेल, नक्कीच.

पण अंग थंड होतं ते घाम आल्याने होत नाही, घाम वाळल्याने होतं. सगळी गोम इथे आहे. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर घाम वाळणार कुठे, तो नुसता ओघळत राहतो, ब्लाउज पाठीला चिकटतो आणि शरीर आणखी घाम काढतं. शाळेत आपण एक प्रयोग केला होता, थर्मामीटरच्या खालच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि दुसरा थर्मामीटर कोरडा ठेवायचा. त्या ओल्या थर्मामीटरचा आकडा म्हणजे घाम वाळवून शरीर जास्तीत जास्त किती थंड होऊ शकतं त्याचा अंदाज. ह्यांनाच बसवून हे गणित करायला लावलं मी. इंदूरच्या मेमधली दुपार घ्या, ४० डिग्री आणि हवेत ओलावा २० टक्के, तर ओला थर्मामीटर येतो २२-२३ वर. रत्नागिरीची घ्या, ३३ डिग्री आणि ओलावा ७० टक्के, तर तो येतो २८ च्याही वर. म्हणजे कोरड्या आकड्यात रत्नागिरी सात डिग्रीने जिंकते आणि ओल्या आकड्यात पाच-सहा डिग्रीने हरते! मोबाईलवर ते 'फील्स लाइक' दाखवतात ना, त्यातही ह्या ३३ चे ४२-४३ होतात आणि आपले ४० जवळपास चाळीसच राहतात. हे थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण तिकडे समुद्र आहे." बरं.

आता कूलरचं बघा. इंदूरमध्ये उन्हाळा म्हणजे कूलर, एप्रिल लागला की खिडकीतल्या कूलरचे तिन्ही दरवाजे काढायचे, गेल्या वर्षीची काळी पडलेली घास, म्हणजे दारांच्या जाळीत भरलेलं सुकं गवत, काढून नवीन भरायची, खारं पाणी बसून पांढरी झालेली टाकी घासायची, पंपाला एखादी थाप मारायची की तो घुर्र करून चालू होतो. मग त्या ओल्या घासेतून जी हवा येते ती रात्री दोनला अंगावर चादर घ्यायला लावते. एक छोटा पंप आणि एक पंखा, एवढ्याच विजेवर. हे चालतं ते फक्त हवा कोरडी आहे म्हणून, कारण कूलर पण घामासारखंच काम करतो, पाणी वाळवून हवा थंड करतो. कोकणात कूलर लावला तर खोलीत आणखी दमट हवा भरायची, बस. जुलैमध्ये आपल्याकडे कूलर लावून बघा म्हणजे कळेल, पहिला पाऊस पडला की आपणच तो बंद करून टाकतो. म्हणजे तिकडे गेलं की पंखा नाहीतर डायरेक्ट एसी, मधलं काही नाही. आणि समुद्राजवळ एसीच्या बाहेरच्या युनिटला खारी हवा खाते, पत्रा गंजतो, कॉइल जाते, शिवाय पावसाळ्यात कपाटात बुरशी लागते ती वेगळीच.

आणि किनारा गरम होत नाही असं कोणी सांगितलं? मार्चमध्ये बातम्या बघत जा जरा. मार्चमध्ये पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून, तापलेले वारे येतात आणि समुद्राचा वारा सुटायला उशीर होतो, दुपार होऊन जाते तरी तो येत नाही, आणि तेवढ्यात पारा उडी मारतो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला ४१.७ डिग्री होतं, तेव्हा काय काचेचे टॉवर होते की एवढ्या गाड्या होत्या? रायगडमधलं भिरा तर आपण इंदूरला अजून पंखा तीनवर ठेवून बसलेले असतो तेव्हाच देशातल्या सगळ्यात गरम गावांच्या यादीत येऊन जातं. समुद्रापासून थोडं आत गेलात, घाटाच्या पायथ्याशी, की ना समुद्राचा वारा धड मिळतो ना डोंगराची थंडी. जाहिरातीत मात्र 'समुद्रापासून फक्त ४० मिनिटं'.

हवामान खात्याचे नियम पण हेच सांगतात. उष्णतेची लाट जाहीर करायला मैदानी भागात पारा निदान ४० ला जावा लागतो, किनाऱ्यावर ३७ झाला आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त असला की लाट, डोंगरात तर ३० लाच विचार सुरू होतो. खात्याने किनाऱ्याला तीन डिग्रीची सूट उगीच दिलेली नाही. १९९८ मध्ये ओडिशात उन्हाने दोन हजारांवर माणसं गेली, २०१५ मध्ये आंध्र आणि तेलंगणात सगळ्यात जास्त बळी होते, आणि ओडिशा-आंध्रला समुद्र काय कमी आहे का? १६ एप्रिल २०२३ ला खारघरला पुरस्काराच्या कार्यक्रमात भर उन्हात बसलेली १४ माणसं गेली, तेव्हा पारा चाळीसच्याही खाली होता. इंदूरला त्या टेंपरेचरला आपण राजवाड्यावर साड्या बघत फिरत असतो. (फिरू नये खरं तर, पण फिरतो.)

आमच्या सासूबाईंचं माहेर राजापूरकडचं, लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला आता साठ वर्षं होत आली. ह्यांनी एकदा जेवताना विषय काढला तर आई म्हणाल्या, "अरे, मे महिन्यात आम्ही पोरी दुपारी मागच्या पडवीत जमिनीवर पडून असायचो, सारवलेल्या. अंगाला अंग लागलं तर भांडणं व्हायची." मग त्यांनी ते घर सांगितलं, उंच कौलारू छप्पर, जांभ्याच्या जाड भिंती, चारी बाजूंनी पडवी म्हणजे ऊन भिंतीला लागतच नाही, मागे नारळी-पोफळीची वाडी, तिला पाटाचं पाणी सोडलेलं. ते घर उकाड्याचा विचार करूनच बांधलेलं होतं, कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. आता 'सेकंड होम' म्हणून जे विकतात ते काय आहे? आपल्या स्कीम नंबर चौपन्नमध्ये आहे तसाच सिमेंटचा डबा, वर स्लॅब, पश्चिमेला समुद्र दिसावा म्हणून भिंतभर काच. पश्चिमेला काच! दुपारी तीन ते सहा सगळं ऊन घरात. तो व्ह्यू ब्रोशरमध्ये छान दिसतो, आत राहणाऱ्याने दिवसभर पडदे ओढून बसायचं. जुनं कौलारू घर वाडीसकट कोणी देत असेल तर मी उद्या बॅग भरते, पण त्यात पण भानगड अशी की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असावं लागतं, आणि वाडी म्हणजे शेतजमीनच आली.

पाण्याचं तर विचारूच नका. कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, तरी मेमध्ये तिकडच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांवर टँकर जातात, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र, सगळं वाहून समुद्रात. हां, आपणही फार बोलू नये, आपण नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटरवरून पंपाने चढवून आणतो आणि त्याने गाड्या धुतो.

मला खरी चिंता इंदूरच्या रात्रींची आहे. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची थंडगार रात्र, म्हणून आपण मिरवतो ना, ती काही कवींची नुसती कल्पना नव्हती. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. दमट हवा तसं करू देत नाही, जमिनीतून निघालेली उष्णता तीच धरून ठेवते, म्हणून मुंबईत मेमध्ये रात्रीसुद्धा सत्तावीसच्या खाली फारसं जात नाही. आमच्या लहानपणी रामबागेत सगळी आळी गच्चीवर झोपायची, संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारायचं, गाद्या टाकायच्या, पहाटे गोधडी लागायची, मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, म्हणजे नौतपा, चालू असला तरी. आता आमच्या गच्चीला दोन्ही बाजूंनी चार मजल्यांच्या बिल्डिंगी आहेत, त्यांच्या एसींची गरम हवा सरळ आमच्या गादीवर. गल्लीत कडुलिंब होते ते रस्ता रुंद करताना गेले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट झालं. १४ जुलै २०२४ ला इंदूरने एका दिवसात ११ लाखांवर झाडं लावून रेकॉर्ड केलं, चांगलंच केलं, पण ती लागली रेवती रेंजच्या टेकडीवर, आमच्या गल्लीत सावली यायला गल्लीतच झाड लागतं ना भिया. म्हणजे जी गोष्ट कोकणाला पैसे देऊनही मिळणार नाही ती आपल्याकडे फुकट होती, आणि तीच आपण घालवतोय, आणि मग थंडावा शोधायला समुद्राकडे जायच्या गोष्टी करतोय.

खरंच थंडावाच हवा असेल तर किनारा सोडा आणि उंची धरा. दर हजार मीटरला साडेसहा डिग्री, हा ढोबळ हिशेब आहे. आपल्या मध्य प्रदेशातलं पचमढी हजार मीटरच्या वर आहे, थंड हवेसाठी तिथे जाणारे इंग्रज मूर्ख नव्हते. कोकणात सुद्धा लोक दापोलीचं नाव काढतात ते ती समुद्रापासून जरा वर, टेकडीवर आहे म्हणून. पण पचमढी म्हटलं की ह्यांचा चेहरा पडतो, कारण तिथे मासे नाहीत. आता खरं कारण बाहेर आलं की नाही! मासे, समुद्र, आईंच्या माहेरची ओढ, ही सगळी कोकणात जायची उत्तम कारणं आहेत आणि त्यासाठी जायचं असेल तर मी एका पायावर तयार आहे, फक्त त्याला ऊन टाळायचा उपाय म्हणू नका. आणि जाताना हे पण लक्षात ठेवा की अरबी समुद्र स्वतःच तापत चाललाय, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनारा घासत गुजरातला गेलं.

तर सध्या आमच्या घरात तह असा झालाय. ह्या वर्षी गच्चीला पांढरा चुना मारून घ्यायचा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याची ताटी लावायची (आतून पडदा लावून फारसा उपयोग नाही, ऊन काचेतून आत आलं की आलंच), आणि पुढच्या मेमध्ये गुहागरकडे एक साधं घर महिनाभर भाड्याने घ्यायचं. डिसेंबरमध्ये नाही, मेमध्येच, आणि एसी नसलेलं. ह्यांना ही शेवटची अट अजिबात मान्य नाही, म्हणतात एसी असलेलं घेऊ आणि लावणार नाही. ह्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

तुमच्यापैकी कोणी मालव्यातून किंवा विदर्भातून कोकणात, गोव्यात कायमचं राहायला गेलं असेल तर एक सांगाल का, मे महिन्याचं लाइट बिल किती येतं आणि रात्री लाइट गेली की काय करता?