मोठ्या गटाची पालकसभा

शनिवार, रात्र

आज कार्यशाळेतल्या मोठ्या गटाची पालकसभा एकदाची झाली. सगळी अठराच्या पुढची, मतिमंद शाळेतून वर आलेली, इथं पाकिटं चिकटवण्यासारखी कामं करणारी. मिशा फुटल्या तरी आम्ही त्यांना ‘मुलं’च म्हणतो. लैंगिक शिक्षणाचा विषय मीच लावून धरला होता. मुख्याध्यापिकांनी फळ्यावर लिहिलं, ‘वयात येताना’. पंचविशीच्या लेकरांच्या आईबापांसमोर! असो, सभा झाली हे काय कमी.

एका वडिलांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, “मॅडम, तिला ह्यातलं काही कळत नाही. नसतं डोक्यात कशाला भरवायचं?” मुलगी शेजारीच बसली होती. कार्यशाळेत कुणी नवा शर्ट घालून आलं की सगळ्यात आधी तिच्या लक्षात येतं, आणि मग दिवसभर हिचं लक्ष पाकिटं चिकटवण्यात नसतं.

माझं म्हणणं साधं होतं. आपण यांना वर्षानुवर्षं फक्त ऐकायला शिकवतो. बस म्हटलं की बस, काकांना पापा दे, हात वर कर. मुकाट ऐकेल तो शहाणा. इतकं घोटून घेतलेल्या मुलाला उद्या कुणी चड्डी काढ म्हटलं तर ते काय करणार? काढणार. शिवाय हे सांगणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, ज्याचं ऐकायचं म्हणून आपणच बजावलेलं असतं. म्हणून मी पालकांना म्हटलं, सुरुवात जेवणाच्या ताटापासून करा. भात नको म्हणाली तर वाढू नका. वेणी घालण्याआधी विचारा, नको म्हणाली तर हात मागे घ्या. घरात जिचा नकार कधी चालला नाही, ती बाहेर कुठून नाही म्हणेल?

‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे पोस्टर आमच्याही भिंतीवर आहे. आमच्या मुलांना त्याचा फारसा उपयोग नाही. अंघोळ घालताना आई सगळीकडे हात लावतेच. फसवणारा गोंजारतो, चॉकलेट देतो, त्याचा स्पर्श बरासुद्धा वाटतो. मग वाईट कुठला, हे तिनं कसं ओळखायचं? त्यापेक्षा कोण, कुठे, कशासाठी, एवढं पक्कं करून घ्यावं. अंघोळ आई घालते, न्हाणीघरात, साबण लावायला. दुसरं कुणी नाही, दुसरीकडे नाही. आणि ‘कुणाला सांगू नकोस’ असं कुणीही म्हणालं की त्याच दिवशी आईला किंवा ताईला सांगायचं. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं यांना जड जातं, म्हणून मी कापडी बाहुली घेऊन थेट शाळेच्या बाथरूममध्येच वर्ग घेते. कडी लावणं, कपडे नीट करूनच बाहेर येणं. दिवाळीची सुट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

बाहुली दाखवून अवयवांची नावं घेतली तेव्हा दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. पण जबाब द्यायची वेळ आली तर ‘तिथं’ म्हणून कसं भागेल?

एका आईनं विचारलं, “हिची बुद्धी सहा वर्षांची, मग पोक्सो लागेल ना?” नाही लागत. पोक्सो हा अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीचा कायदा. 2017 साली हाच प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला होता, सेरेब्रल पाल्सी असलेल्या 38 वर्षांच्या बाईच्या बाबतीत. पोक्सोत वय धरायचं ते जन्मापासूनचं, असं कोर्टानं सांगितलं. मात्र फौजदारी कायद्यातल्या 2013 च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात अपंग व्यक्तीची तक्रार पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी येऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षक सोबत घेऊन नोंदवायची आहे, चित्रीकरणासह. हे तिथं बसलेल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मुलीची गर्भपिशवी काढून टाकावी का, हाही प्रश्न दबक्या आवाजात आलाच. 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या गर्भपिशव्या पुण्याच्या ससून रुग्णालयात काढल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. तेव्हाही पाळीच्या स्वच्छतेचंच कारण पुढे केलं होतं. पिशवी काढली की पाळी थांबते, दिवस जात नाहीत. अत्याचार थांबत नाही. तो उघडकीला यायची एक वाट मात्र बंद होते. हे बोलताना माझा आवाज चढला होता. चढू दे.

सभा संपल्यावर एका मुलाची आई जिन्यात थांबली. “पाहुण्यांसमोर पँटीत हात घालतो हो. ह्यांनी परवा पट्ट्यानं मारलं.” म्हटलं, मारू नका. ओरडू पण नका, उठवून त्याच्या खोलीत न्या. दार बंद, नंतर हात धुवायचे, रोज हेच. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, माझ्याकडून तिला वेगळंच काहीतरी ऐकायचं होतं, एखादी गोळी वगैरे. मुलग्यांवरही अत्याचार होतात हे तर सभेत कुणाच्या गावीही नव्हतं.

सोमवारी गाडीवरचे ड्रायव्हर आणि मावशी यांच्याशी बोलायचंय. मुख्याध्यापिका म्हणतात, त्यांना वाईट वाटेल. वाटू दे. सगळ्यात शेवटी उतरणारी मुलगी गाडीत एकटी राहणार नाही, असा मार्ग बदलून मागणार आहे. डिझेल जास्त जाईल, हे उत्तर तयारच असणार.