टाके पिकले, आणि दोष भाताला

माझ्या धाकट्या जावेचे सिझर झाले. सातव्या दिवशी टाक्यांच्या कडेला लाली आली, मग पू दिसला, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी एकमुखाने भाताला दोषी ठरवले. भाताने टाके पिकतात, ही समजूत आमच्याकडे पक्की आहे. मला मात्र राहून राहून आठवत होते ते हे, की शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीच तिची पाणमोट फुटली होती आणि रात्रभर कळा देऊनही बाळ खाली सरकले नव्हते.

योनिमार्गात जीवाणू असतातच. निरोगी स्त्रीच्या योनीत लॅक्टोबॅसिलस बहुसंख्य असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लतेत उपद्रवी जीवाणूंना वाव मिळत नाही. हा तोल ढळून गार्डनेरेलासारखे जीवाणू माजले, तर सिझरनंतर गर्भाशयाच्या अस्तराला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. पाणमोट शाबूत असेपर्यंत ती आणि गर्भाशयमुखातला चिकट स्राव योनीतल्या जीवाणूंना बराच अटकाव करतात; ती फुटली की ते वर चढतात, आणि पोटावरच्या छेदातून बाळ व वार बाहेर काढताना थेट ओल्या जखमेत पोहोचतात. त्यामुळे पोटाची कातडी कितीही काळजीपूर्वक स्वच्छ केली, तरी तेवढ्याने भागत नाही.

या जीवाणूंतला युरियाप्लाझ्मा मला सर्वांत बिलंदर वाटतो. सिझरपूर्वी नेहमी दिले जाणारे सेफाझोलिन हे प्रतिजैविक जीवाणूंच्या पेशीभित्तिकेवर घाव घालते, आणि याला पेशीभित्तिकाच नसते! अमेरिकेत २,०१३ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कळा सुरू असताना किंवा पाणमोट फुटल्यावर सिझर करावे लागलेल्यांना नेहमीच्या औषधाबरोबर, पेशीभित्तिका सोडून दुसरीकडे घाव घालणारे अ‍ॅझिथ्रोमायसिनही दिले, तेव्हा जखमेचा संसर्ग ६.६ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आला.

दुसरा उपाय याहून साधा आहे : शस्त्रक्रियेच्या लगेच आधी पोव्हिडोन-आयोडिन या जंतुनाशकाने योनिमार्ग पुसून घेणे. जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करते. जावेच्या कागदपत्रांत छेदापूर्वीच्या इंजेक्शनची नोंद सापडली, पुसून घेतल्याची मात्र नाही. नोंद राहिली की कृतीच राहिली, हे विचारायला मी धजावले नाही.

दोन टाके उघडून रोज ड्रेसिंग केल्यावर जखम भरली. भात मात्र सासूबाईंनी सव्वा महिना दिला नाही.