सार्तिनचे दिवे आणि जहाजे

नाना फडणिसांच्या दरबारात आलेला सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील आमच्या शालेय इतिहासात एका वाक्यात उरकलेला असे, आणि त्याला पुण्यास धाडले कोणी, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडलाच नाही. त्याच्यामागे होता सोळाव्या लुईचा नौदलमंत्री आंत्वान द सार्तिन. त्याची कारकीर्द वाचायला घेतली, तेव्हा पहिलाच धक्का बसला तो हा, की हा गृहस्थ दर्यावर्दी नव्हे, तर पोलीस अधिकारी होता.

सार्तिन १७२९ साली बार्सिलोनात जन्मला. १७५९ पासून पंधरा वर्षे तो पॅरिसचा पोलीसप्रमुख होता. त्या काळी या पदाकडे चोर पकडण्याबरोबरच धान्याचा पुरवठा, रस्त्यांची सफाई आणि दिवाबत्तीही असे. मेणबत्तीचे मिणमिणते कंदील जाऊन रस्त्यांवर आडव्या दोरांना टांगलेले, धातूच्या परावर्तकांचे तेलदिवे आले ते त्याच्याच काळात. रस्ते उजळण्याचा उत्तम उपाय सुचवणाऱ्यास त्याने बक्षीस जाहीर केले होते, आणि त्यासाठी निबंध लिहून राजाचे सुवर्णपदक मिळवणारा तरुण होता पुढे रसायनशास्त्रात अजरामर झालेला लाव्हाझिए. विगांचा सार्तिनला भारी षोक होता, ही माहिती अवांतर असली तरी मला गाळवत नाही.

ऑगस्ट १७७४ मध्ये त्याच्याकडे नौदल आले. सप्तवार्षिक युद्धात इंग्रजांनी फ्रेंच आरमाराची धूळधाण केली होती, आणि त्यानंतरच्या मंत्र्यांनी सुरू केलेली डागडुजी अर्धवट राहिली होती. समुद्राचा अनुभव नसलेल्या सार्तिनने फ्लरिय या जाणत्या नौदल अधिकाऱ्याला हाताशी धरले, आणि १७७६ च्या हुकूमनाम्यांनी गोद्यांमधला कारभार कारकुनी अधिकाऱ्यांकडून काढून बहुतांशी लढाऊ अधिकाऱ्यांच्या हाती दिला. लेखणी आणि तलवार यांचे हे भांडण फ्रेंच नौदलात जुनेच होते. ते तलवारीच्या बाजूने सोडवणारा मात्र स्वतः आयुष्यभर लेखणीचाच माणूस होता. एप्रिल १७७८ मध्ये देस्तें या नौसेनापतीच्या हाताखाली बारा मोठ्या युद्धनौका तुलों बंदरातून, इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध लढणाऱ्या अमेरिकेच्या मदतीला निघाल्या, त्या याच तयारीच्या जोरावर.

सेंट लुबिन १७७७ मध्ये चौलच्या बाजूला उतरून पुण्यास पोहोचला. त्याने आपल्या अधिकाराविषयी बऱ्याच बढाया मारल्या, आणि चौलचे बंदर फ्रेंचांना देण्याच्या वाटाघाटीही झाल्या. प्रत्यक्षात हाती फारसे काही लागले नाही. परंतु कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्ज धास्तावला, आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या दुसऱ्या पर्वाला, म्हणजे वडगावपर्यंत गेलेल्या मोहिमेला, जी कारणे घडली त्यांत या भीतीचा वाटा होता. मंत्र्याच्याच नावाचे ‘सार्तिन’ हे जहाज ऑगस्ट १७७८ मध्ये पाँडिचेरीपाशी इंग्रजांनी पकडले, आपल्या आरमारात घातले, आणि १७८० मध्ये ते मलबार किनाऱ्यावर बुडाले.

त्याच वर्षी मंत्रीही बुडाला. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च मंजुरीत मावेना, म्हणून नौदलाच्या खजिनदारामार्फत सुमारे दोन कोटी लिव्हरची (लिव्हर हे तेव्हाचे फ्रेंच चलन) देणी परस्पर उभी केली गेली होती. हे अर्थकारभारी नेकेरला कळले, आणि ऑक्टोबर १७८० मध्ये सार्तिनला घरी बसवण्यात आले. पॅरिसकरांनी लगेच चार ओळींचे कवन रचले; त्यात सार्तिनच म्हणतो, की मी पॅरिस झाडले, समुद्रावरून इंग्रजांना झाडायला गेलो, पण माझे झाडू इतके महाग पडले की मलाच झाडून टाकले! मला हा विनोद चपखल वाटतो, पण थोडा अन्यायकारकही. कारण पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या मुखाशी इंग्रजांना रोखणाऱ्या फ्रेंच ताफ्याची उभारणी बरीचशी त्याच झाडूंच्या पैशातून झाली होती.

राज्यक्रांती होताच तो स्पेनला निघून गेला. मागे राहिलेला मुलगा आणि सून यांना १७९४ च्या जूनमध्ये एकाच दिवशी, खुन्यांना घालतात तसे लाल सदरे घालून, गिलोटिनवर नेण्यात आले. सार्तिन १८०१ मध्ये तारागोना येथे वारला. हे गाव बार्सिलोनाच्याच किनाऱ्यावर, थोडे खाली आहे.